कमरेला पिस्तूल, सगळ्यांच्या नजरेसमोर

[दृश्य : टेक्सासमधल्या एका दुकानाचं काचेचं दार, त्यावरची मोठी पाटी]

ही पाटी इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत आहे. अक्षरं किमान एक इंच उंच हवीत, असं टेक्सासचा कायदा सांगतो. कलमाच्या क्रमांकावरून तिला सगळे '30.07' म्हणतात. उघड दिसेल असं पिस्तूल लावून आत येऊ नका, एवढाच तिचा अर्थ. कपड्याखाली लपवलेल्या पिस्तुलासाठी पाटी वेगळी, ती '30.06'.

टेक्सासमध्ये परवानाधारकांना पिस्तूल उघड बाळगायची मुभा मिळाली 1 जानेवारी 2016 पासून. 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षं पूर्ण झालेल्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे ते अडकवायच्या म्यानात, असलं की झालं. भारतात परवाना असला तरी सार्वजनिक जागी हत्यार झाकूनच न्यावं लागतं. त्यामुळे डॅलस शहराजवळच्या आर्व्हिंग किंवा फ्रिस्कोत नव्याने राहायला गेलेलं मराठी कुटुंब दुधाच्या रांगेत असा माणूस पाहून दचकतं, यात नवल नाही.

समर्थकांचं म्हणणं मात्र नीट ऐकायला हवं. तिथला उन्हाळा कडक, नुसतं पिस्तूल झाकण्यासाठी जाकीट कोण घालणार? झाकलेलं पिस्तूल काढताना कापडात अडकतं, आणि हल्ला झाला तर तेवढ्या वेळात जीव जाऊ शकतो. कुरणात काम करणाऱ्याला साप आणि रानडुकरं रोजचीच. त्यांचा मुख्य मुद्दा धाकाचा आहे : हत्यार दिसलं की लुटारू वाट बदलेल. रात्री एकटीने दुकान बंद करणाऱ्या बाईने असा विचार केला, तर तिला वेडं ठरवायची माझी तयारी नाही.

[दृश्य : होल्स्टरचा खटका उघडणारा हात]

पण तेच पिस्तूल लुटारूला हवंसंही वाटू शकतं. 2014 मध्ये ऑरेगॉन राज्यातल्या ग्रेशम गावात एका माणसाचं कमरेचं पिस्तूल बंदुकीच्याच धाकाने लुटलं गेलं. पोलिसांच्या होल्स्टरला हिसकाहिसकी टाळणारे खटके असतात, आणि हत्यार हातून जाऊ नये याचा सरावही त्यांना दिलेला असतो. खरेदीला निघालेल्या नागरिकावर यातलं काहीच बंधनकारक नाही.

[दृश्य : डॅलस शहराचा मध्यभाग, रात्र]

7 जुलै 2016. पोलिसांच्या गोळीबारात झालेल्या मृत्यूंचा निषेध करणारा मोर्चा डॅलसमध्ये शांतपणे चालला होता. मोर्चात काही जणांच्या खांद्याला रायफली होत्या. टेक्सासमध्ये तेही कायदेशीर. अचानक एका हल्लेखोराने पोलिसांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. पाच पोलीस मारले गेले. लोक पळत सुटले, त्यांत रायफलवालेही होते. त्या अंधारात आणि गोंधळात पोलिसांनी ओळखायचं कसं, की यातला कोण मारतोय आणि कोण जीव वाचवतोय?

रायफल घेऊन आलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा फोटो पोलिसांनीच संशयित म्हणून प्रसिद्ध केला. त्याने आपली रायफल स्वतःहून एका पोलिसाच्या हवाली केली. चौकशीनंतर तो निर्दोष असल्याचं स्पष्ट झालं, पण तोवर त्याचा चेहरा देशभर फिरला होता. पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी पुढे उघडपणे सांगितलं, की अशा गर्दीत भला कोण आणि बुरा कोण, हे कळणं फार कठीण होतं.

माझी अस्वस्थता नेमकी हीच आहे. पिस्तूल लावणाऱ्याला स्वतःचा हेतू ठाऊक असतो. बाकी सगळ्यांना तो ओळखावा लागतो, तोही क्षणात, आणि ओळखणाऱ्याच्या मनात कातडीच्या रंगाचे पूर्वग्रह असतात. ओहायोतही उघड शस्त्र बाळगणं कायदेशीर होतं. तरी नोव्हेंबर 2014 मध्ये क्लीव्हलँडला 12 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या हातातलं खेळण्यातलं पिस्तूल खरं समजलं गेलं. पोलिसांची गाडी थांबल्यावर दोन-एक सेकंदांत त्याला गोळी लागली.

[दृश्य : नेमबाजीच्या मैदानावरचं लक्ष्य]

टेक्सासच्या परवान्यासाठी प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि 50 गोळ्यांची चाचणी द्यावी लागते. फार मोठी अट नव्हे. परवाना आजही काढता येतो, फक्त सक्ती उरलेली नाही. ती काढू नका, असं 2021 मध्ये राज्यातले अनेक पोलीस अधिकारीच सांगत होते. ज्याला पिस्तूल सगळ्यांसमोर मिरवायचं आहे, त्याच्यासाठी तरी ही सक्ती परत यायला हवी.