खप बघा, मग मागवा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. विषय जाहीर झालाय तो 'शहरातल्या हॉटेलांत कुठे काय खावं' असा. उडप्याचं हॉटेल, इराणी, मिसळीचं दुकान, मासळीची खानावळ आणि 'फॅमिली रेस्टॉरंट' अशी पाटी लावलेली जागा, अशा पाच ठिकाणांबद्दल बोलायचं कबूल केलंय. पण पाचांच्या मुळाशी माझ्या मते एकच गोष्ट आहे, ती आधी सांगून टाकतो. हॉटेलात पदार्थ चांगला मिळतो तो खपामुळे. सकाळी अकरापर्यंत ज्याच्या दोनशे प्लेटा जातात त्याचं पीठ ताजं असतं, चटणी दोनदा वाटली जाते आणि करणाऱ्याचा हात बसलेला असतो. जो पदार्थ दिवसातून दोनदाच मागवला जातो त्याचं सामान फ्रीजमध्ये वाट बघत पडतं आणि आचाऱ्यालाही तो दरवेळी आठवून करावा लागतो. म्हणून टेबलावर बसलात की मेनूकार्ड उघडण्याआधी दोन मिनिटं शेजारच्या ताटल्यांकडे बघा. लोक काय खाताहेत, हे त्या कार्डापेक्षा जास्त खरं असतं.

उडप्यापासून सुरुवात करू. मुंबईकरांना माटुंगा समजावून सांगायची गरज नाही. ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून स्टेशनाजवळ आहे, पलीकडे कॅफे मद्रास आहे. पुणेकरांसाठी फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली आणि रूपाली आहेत. अशा ठिकाणी हॉटेलची परीक्षा घ्यायची असेल तर साधा डोसा मागवा. मसाला डोसा नको, चीज डोसा तर नकोच, कारण भाजी आणि चीज पिठाचे दोष झाकतात. साध्या डोशाला लपायला जागा नसते.

डोशाचं पीठ म्हणजे तीन ते चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या. पाच-सहा तास भिजवायचं, डाळ आणि तांदूळ वेगवेगळे वाटायचे. डाळ वाटताना थंडगार पाणी लागतं. मिक्सरच्या पात्यानं पीठ तापतं आणि तापलेलं पीठ नीट फुगत नाही, म्हणून मोठी हॉटेलं दगडी ग्राइंडर वापरतात. मग आठ ते बारा तास आंबवणं. मे महिन्यात मुंबईत सहा तासांतच पीठ वर येतं आणि दुपारपर्यंत आंबट होतं. उन्हाळ्यात दुपारी चारचा डोसा जिभेला झोंबतो तो याचमुळे. आचाऱ्याची चूक तिथे कमी आणि घड्याळाची जास्त. थंडीत उलटं होतं. पीठ आंबतच नाही, मग कुणीतरी त्यात सोडा घालतं आणि डोशाला साबणासारखी चव येते.

आता तवा. तीन-चार फूट लांबीची जाड लोखंडी प्लेट असते. प्रत्येक घाण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडतात आणि छोट्या केरसुणीनं पुसतात. ती केरसुणी बघून काहीजण नाक मुरडतात, पण ती फक्त तव्याचीच असते आणि काम मोलाचं करते. पाणी तव्याचा वरचा थर थंड करतं. तवा फार तापला तर पीठ पसरायच्या आधीच धरतं, वाटीला चिकटून गोळा होतं. तवा गार असेल तर डोसा पांढराफटक राहतो आणि उलथन्याला चिकटून फाटतो. रविवारी सकाळी साडेनऊला एका वेळी सहा-आठ डोसे पडतात, प्लेट गार होत जाते, आणि गर्दीतला डोसा मऊ पडतो तो यामुळे. मग खपाचा नियम खोटा ठरला का? नाही. फक्त खप आणि झुंबड यांत फरक करायला हवा. रविवारी साडेसातला किंवा कामाच्या दिवशी साडेआठला जा. पीठ तेच असतं आणि तवा तुमच्या बाजूनं असतो.

चटणी बघा. ओलं खोबरं उघड्यावर तीन-चार तासांत आंबूस होतं. पातळ चटणीत डाळं जास्त आणि खोबरं कमी असेल तर ती वाटीच्या तळाशी पिठासारखी बसते. मेदुवडा आला की मोडून बघा. आत तेलकट थर दिसला तर एकतर तेल गार होतं किंवा डाळ वाटताना पाणी जास्त झालं. तेलाबद्दल कायदाही आहे. तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल परत परत तापवल्यानं तयार होणारे घटक, २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले तर ते तेल वापरू नये, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गिऱ्हाइकाकडे ते मोजायचं यंत्र नसतं, पण नाक असतं. थकलेल्या तेलाला फेस येतो, रंग काळपट होतो आणि वड्याला उग्र वास येतो.

आता मी जिथे रेंगाळणार आहे तिथे येतो. याच उडप्यांच्या मेनूकार्डात गेल्या काही दशकांत 'पंजाबी' आणि 'चायनीज' अशी पानं वाढत गेली. चार माणसं आली की एकाला डोसा हवा, दुसऱ्याला पनीर, मुलांना नूडल्स, म्हणून मालकानं सगळंच ठेवलं. त्याची अडचण मला पूर्ण समजते. पण पंजाबी पानावरच्या साठ भाज्या कशा तयार होतात ते ऐका, कारण तुमचे पैसे तिथेच जातात.

साठ भाज्यांच्या मागे तीन-चार पातेली असतात. लाल ग्रेव्ही म्हणजे टोमॅटो, काजू, लोणी, कसुरी मेथी. पांढरी म्हणजे उकडलेला कांदा, काजूचे तुकडे किंवा मगज, आणि खवा किंवा साय. पिवळी म्हणजे बहुतेक तीच, हळद घालून. आणि चौथी ब्राउन, कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतलेली. ही सकाळीच शिजतात. संध्याकाळी ऑर्डर आली की आचारी कढईत तेल घालतो, लसूण-मिरची टाकतो, दीड-दोन पळ्या ग्रेव्ही, वर पनीर नाहीतर भाज्या, आणि तीन-चार मिनिटांत ताट बाहेर. लाल अधिक पनीर म्हणजे बटर मसाला. लाल आणि ब्राउन निम्मी-निम्मी, वर क्रीम, म्हणजे लबाबदार. ब्राउन, सिमला मिरची आणि जाडसर कुटलेले धणे म्हणजे कढाई. ब्राउनमध्येच लाल तिखट दुप्पट केलं की व्हेज कोल्हापुरी. कोल्हापूरची ओळख तांबडा-पांढरा रस्सा आणि मटण. ही भाजी तिथल्या घरात कुणी रांधत नाही, फक्त गावाचं नाव तिखटासाठी वापरलं गेलंय. याचं मला वाईट वाटतं. कारण कोल्हापुरी तिखट म्हणजे भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा-लसूण मसाला यांची खोली, नुसती आग नव्हे.

आगाऊ ग्रेव्ही करून ठेवण्यात चूक नाही. शंभर माणसांचं स्वयंपाकघर त्याशिवाय चालतच नाही. चूक होते ती जुनी ग्रेव्ही संपवण्यात. काजू आणि सायीची ग्रेव्ही लवकर आंबते. फ्रीजमधून काढून, गरम करून, उरलेली परत आत, असं दोन-तीनदा झालं की ती बिघडते. मग आंबटपणा झाकायला साखर येते. बटर मसाला गोडमिट्ट लागला की टोमॅटो आंबट होते, नाहीतर ग्रेव्ही शिळी होती, असा संशय घ्यायला जागा असते. पनीरचंही तसंच. फ्रीजमधला ठोकळा थेट कढईत गेला की आत गार आणि बाहेर रबर. दहा-पंधरा मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात ठेवला तर मऊ राहतो. हे काम फुकटचं आहे आणि तेवढ्यावरून स्वयंपाकघराची शिस्त कळते.

यावरून दिल्लीची एक गोष्ट सांगायलाच हवी. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी दर्यागंजला 'मोती महल' सुरू केलं. कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी, दोघंही कुंदनलाल. बटर चिकन आधी कुणी केलं यावर त्यांच्या घराण्यांत वाद झाला आणि २०२४ साली प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. (हशा) हसताय, पण एका रश्शावर उभे राहिलेले धंदे आहेत ते. दोन्ही बाजूंच्या हकिकती वेगळ्या आहेत, तरी दोन्हींत उरलेली तंदुरी कोंबडी आहेच. तंदुरातून निघालेलं मांस थोड्या वेळात कोरडं पडतं, त्याला ओलावा द्यायला टोमॅटो आणि लोण्याचा रस्सा. म्हणजे आधी कोंबडी होती आणि तिच्यासाठी ग्रेव्ही आली. आजच्या मेनूकार्डात आधी ग्रेव्ही असते आणि तिच्यात काय बुडवायचं ते गिऱ्हाइकाला विचारतात. माझी सगळी तक्रार या उलटापालटीशी आहे.

मग 'फॅमिली रेस्टॉरंट'सारख्या पंजाबी पानाच्या जागी मागवावं काय? डाळ तडका आणि तंदुरी रोटी. डाळीचा खप मोठा असतो आणि फोडणी तुमच्या ऑर्डरवर पडते. लसूण तपकिरी आहे की काळा, एवढं बघा. तंदूर नीट तापायला तासभर लागतो, म्हणून संध्याकाळी हॉटेल उघडल्या उघडल्या गेलात तर रोटी फिकट आणि कच्ची येते. आठनंतर जा. आणि डोशाच्या हॉटेलात पंजाबी पान उघडूच नका.

चिठ्ठी आलीय, बारा मिनिटं राहिलीत. तीन ठिकाणं बाकी आहेत, तेव्हा भरभर जातो.

मिसळ. मटकी आठ-दहा तास भिजवून फडक्यात बांधली की पुढच्या दहा-बारा तासांत मोड येतात. ती दाताखाली आली पाहिजे, पिठूळ झाली तर जास्त शिजलीय. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, सकाळपासून उकळत असतो. आठ ते साडेदहा ही त्याची वेळ. त्यानंतर तो आटून खारट होतो, मग त्यात पाणी पडतं आणि चव वरवरची राहते. पुण्यात मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी येते, कोल्हापुरात पावाऐवजी स्लाइस ब्रेड, नाशिकला पापड. तिन्ही बरोबर आहेत, यावर भांडण नको. फक्त सँपल, म्हणजे हा रस्सा, वेगळ्या वाटीत मागा आणि थोडं थोडं घाला. सगळा रस्सा एकदम ओतला तर फरसाणाचा दोन मिनिटांत लगदा होतो.

इराणी. मुंबईत धोबीतलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. ब्रिटानियात दुपारी जायचं आणि बेरी पुलाव खायचा, एवढं पुरेसं आहे. इतर इराण्यांकडे ब्रुन मस्का, म्हणजे कडक पावाला लोणी, आणि चहा. ब्रुनचं कवच कडकडीत हवं, आणि पाव निघाल्यावर ते काही तासच तसं राहतं. दमट हवेत तर त्याहून कमी. म्हणून भट्टी स्वतःची असलेला इराणी निवडा आणि पाव कधी निघतो ते गल्ल्यावर विचारा, आनंदानं सांगतात. चहाचं पाणी आणि दूध वेगवेगळं उकळत ठेवलेलं असतं, ते कपात एकत्र येतं, म्हणून तो चहा आपल्या उकाळ्यापेक्षा वेगळा लागतो. गर्दी नसलेल्या वेळी तेच दूध तास-दोन तास आटत राहतं आणि त्याला करपट वास धरतो. इथेही खपच.

मासळीची खानावळ. हे खरं तर मोठं प्रकरण आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही किनारे बंद. त्या दिवसांत ताटात सुरमईचा मोठा तुकडा आला तर तो बहुधा बर्फातला असतो. त्या दोन महिन्यांत खाडीची मासळी, सुकट, सोडे मागवा. खानावळीला ते उत्तम जमतं, आणि सोड्याची खिचडी असेल तर सोडू नका. एरवी साध्या खानावळीत बांगडा घ्या. स्वस्त असतो, भराभर संपतो, रोज नवा येतो. पापलेट महाग, म्हणून न खपता पडून राहण्याची शक्यता जास्त. ताजा बांगडा तळला की मांस काट्यावरून पाकळीसारखं सुटतं. शिळ्याचं भुसभुशीत होतं आणि जिभेला खाजरं लागतं.

सोलकढी वाटीत थोडा वेळ तशीच ठेवून बघा. कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध असेल तर थोड्या वेळानं वर साय आणि खाली पाणी असं फुटायला लागतं. ते चांगलं लक्षण आहे, चमच्यानं ढवळा आणि प्या. तासभर एकजीव राहणारी भडक गुलाबी सोलकढी आली तर मला शंका येते.

बिलाबद्दल एकच. जीएसटी साधारणपणे ५ टक्के लागतो, तो द्यावाच लागतो. सेवा शुल्क मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ च्या जुलैत तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते कायम केलं. नको असेल तर काढायला सांगा, आणि वाढणाऱ्याच्या हातात टिप वेगळी द्या.

दोन मिनिटं उरलीत, ती बोंबलाला देतो. बोंबलाच्या अंगात पाणीच पाणी. पोट साफ करून, उभा चिरून, काटा काढून तो पाट्याखाली किंवा दोन फळ्यांमध्ये वजन ठेवून अर्धा-पाऊण तास दाबावा लागतो, म्हणजे पाणी निघून जातं. मग हळद, तिखट, मीठ, थोडं आगळ, आणि तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवायचा. तेल चांगलं तापलेलं हवं आणि तव्यावर गर्दी नको. दाबला नसेल तर रव्याचं कवच सुटतं आणि आत लिबलिबीत गोळा राहतो. तेव्हा खानावळीत बसलात की वाढप्याला एवढंच विचारा, "बोंबील दाबलेत का?" तो हसून हो म्हणाला तर दोन प्लेटा सांगा. त्यानं आत जाऊन विचारून येतो म्हटलं, तर त्या दिवशी बांगडाच घ्या.