ट्रॅकवरचं फिडल

मंडळी, नमस्कार.

अध्यक्षांनी मला सांगितलं होतं, प्रवासावर बोला, थोडक्यात बोला आणि नायगारा सोडून बोला. म्हणून आज ब्रॅन्सन.

मिझुरी राज्याच्या दक्षिण टोकाला, ओझार्कच्या डोंगरांत हे गाव आहे. सेंट लुईसहून गाडीने साधारण चार तास. कायमची वस्ती बारा-तेरा हजारांची, पण हायवे ७६ वर नाट्यगृहांची रांग अशी की पुण्या-मुंबईने हेवा करावा. आईवडील भारतातून आले की त्यांना न्यायचं कुठे, हा आपल्या सगळ्यांचा उन्हाळी प्रश्न. ब्रॅन्सनची ख्याती अशी की सासू, सून आणि नातवंडं एका ओळीत बसून कार्यक्रम बघू शकतात. शिवी नाही, अचकटविचकट काही नाही. आमचे नाना जुन्नर तालुक्यातले, नारायणगावच्या जत्रेत रात्र रात्र तमाशे पाहिलेले. त्यांना म्हटलं, चला, इथला लोकांचा खेळ दाखवतो.

हा खेळ तिथे रुजला कसा, ते ऐकण्यासारखं आहे. १९५८ मध्ये टेबल रॉक धरण पूर्ण झालं, मोठा जलाशय तयार झाला आणि मासेमारीला येणाऱ्यांची गर्दी वाढली. दिवसभर गळ टाकून बसलेल्या माणसांना संध्याकाळी काय करायचं? १९५९ मध्ये मेब बंधूंनी ‘बाल्डनॉबर्स’ नावाने गाणं-बजावणं सुरू केलं. वाद्यं म्हणजे कपडे धुण्याची पत्र्याची फळी, उपडं घंगाळ आणि खेचराच्या जबड्याचं हाड! प्रेस्ली कुटुंब आधी एका गुहेत कार्यक्रम करायचं. १९६७ मध्ये त्यांनी हायवेवर थिएटर बांधलं, आणि म्हणतात की जमीन मुद्दाम सपाट ठेवली, म्हणजे खेळ चालला नाही तर तिथे बोटी ठेवायला देता येतील. मला ही माणसं फार आवडतात. १९९१ च्या डिसेंबरमध्ये टीव्हीवरच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने ब्रॅन्सनवर कार्यक्रम दाखवला आणि मग बसगाड्यांचा पूर आला. पुढच्याच वर्षी नामवंत गायक अँडी विल्यम्स यांनी तिथे आपलं थिएटर उघडलं.

आम्ही पाहिलेला प्रयोग यांच्यापैकी कुणाचाच नव्हता. नाव सांगत नाही, आणि जेवताना विचारलंत तरी सांगणार नाही.

पडदा उघडला. आई, बाबा, दोन मुलगे, सून, झगमगीत जाकिटं. सभागृह अर्धं रिकामं. गाणी एकामागून एक, पण प्रत्येकाचं एकच कडवं; रंग भरायच्या आत पुढचं सुरू. थोड्या वेळाने नाना माझ्या कानाशी लागले, “अरे, त्याचा गज तारांवर नाहीच. मग वाजतंय कुठून?” पाहतो तर खरंच. फिडलवाला, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन वाजवणारा, गज उंचावून प्रेक्षकांना अभिवादन करत होता आणि फिडल मात्र जोरात चालूच होतं. स्टील गिटार ऐकू येत होती, वाजवणारा मंचावर कुठेच नव्हता. सगळं ट्रॅकवर, म्हणजे आधीच मुद्रित करून ठेवलेलं!

त्यानंतर मला दुसरं काही दिसेना. विनोदवीर आला: ढगळी डंगरी, काळे केलेले दात, चुरगळलेली टोपी. नाना खूश झाले, “हा सोंगाड्या!” बरोबरच होतं. हे पात्र त्या खेळाचा जुना मानकरी आहे. गडी हजरजबाबीही होता. पुढच्या रांगेतल्या एका आजींशी त्याची जुगलबंदी जुळत आली, लोक सरसावून बसले, आणि तेवढ्यात पुढच्या गाण्याचा ट्रॅक सुरू झाला. त्याला बाजूला व्हावं लागलं. वादक असते तर? त्यांनी तोच ठेका हळू आवाजात धरून ठेवला असता आणि बतावणी रंगू दिली असती. तमाशात ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पावलांवर असते, म्हणून ती थांबली तर तो थांबतो. लॅपटॉप कुणाकडे बघत नाही.

मध्यंतर लांबलचक. सीडी, फज, सह्या केलेले फोटो. बाहेर एक गृहस्थ टाइमशेअरचं, म्हणजे सुट्टीच्या घरातला वाटा विकण्याचं, व्याख्यान ऐकलंत तर दुसऱ्या खेळाची तिकिटं फुकट देतो म्हणून मागे लागलेले. उत्तरार्धात गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, मग माजी सैनिकांना उभं राहायला सांगून टाळ्या. त्या टाळ्या मात्र खऱ्या होत्या. आमच्या मागचे एक वृद्ध काठी टेकत उभे राहिले, तेव्हा नानाही उभे राहिले.

तक्रार करायची तर त्यांची बाजूही सांगायला हवी. दुपारी एक खेळ, रात्री एक खेळ, आणि बसगाड्यांनी येणारी पिढी ओसरत चाललेली. चार-सहा वादकांचा पगार अर्ध्या सभागृहातून निघत नाही. पण वादक काढून वाचवलेल्या पैशांत त्यांनी दिवे वाढवले होते, हे मला पटलेलं नाही.

याच गावात शोजी ताबुची यांनी नाव काढलं. जपानमध्ये वाढलेला, लहानपणी सुझुकी पद्धतीने व्हायोलिन शिकलेला मुलगा. ओसाकाला अमेरिकन कंट्री गायक आणि फिडलवादक रॉय एकफ यांचा कार्यक्रम ऐकला आणि फिडलने झपाटला. अमेरिकेत आला, वणवण केली आणि अखेर ब्रॅन्सनमध्ये स्वतःचं थिएटर उभं केलं. लोक त्या थिएटरची चैनदार प्रसाधनगृहं बघायलाही जायचे, ते असो! २०२३ मध्ये ते वारले. हा परका माणूस ओझार्कच्या प्रेक्षकांसमोर टिकला तो वाजवून.

आता आपल्या गणेशोत्सवाकडे येतो. गेली काही वर्षं आपण कराओके ट्रॅकवर गातोय. गायिकेने सुंदर आलाप घेतला की ट्रॅक पुढे निघून जातो, आणि आपण तिलाच म्हणतो, ताल चुकला. यंदा निदान उत्तरार्ध तरी पेटी-तबल्यावर करू या. सूर थोडा हलेल, एखादी सम हुकेल, चालेल. तबला वाजवणाऱ्यांनी जेवणाआधी सचिवांकडे नावं द्यावीत. मुलांची दिलीत तरी हरकत नाही. पेटी माझ्याकडे आहे. तिचा भाता हवा सोडतोय, दुरुस्त करणारं कुणी असेल तर त्यांनी आधी मला भेटावं.