वाळूखालचं सिंगापूर

नमस्कार! सिंगापूर म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते जरा बाजूला ठेवा. आजचं सिंगापूर अमेरिकेतलं आहे. मिशिगन राज्यात, कालामाझू नदी जिथे लेक मिशिगनला मिळते तिथलं. बघायला जाऊ नका, ते वाळूखाली आहे.

त्याची पाटी मात्र शेजारच्या सॉगाटक गावात आहे. गडद हिरवी, वर सोनेरी अक्षरं. मिशिगनमध्ये १९५५पासून अशा सरकारी पाट्या लागतात. या पाटीवरची गोष्ट थोडक्यात अशी: १८३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या जमीन-सटोडियांनी हे गाव वसवलं, शिकागो-मिलवॉकीला टक्कर देणारं बंदर होईल म्हणून. लाकूड कापायच्या तीन गिरण्या (सॉ मिल), दोन हॉटेलं, दुकानं, एक बँक. (ही बँक स्वतःच्या नोटा छापायची. तिच्यावर वेगळा व्हिडिओ होईल!) मग लाकूड संपलं, गिरण्या बंद पडल्या, माणसं गेली आणि वाळूने गाव झाकलं.

थांबा. लाकूड 'संपलं'? डब्यातली साखर संपते तसं? शाळेतलं व्याकरण आठवा: संपणं अकर्मक, संपवणं सकर्मक. पाटीवरच्या वाक्यात कर्ताच नाही.

तर कर्ता शोधू. ८ ऑक्टोबर १८७१, रविवार. रात्री शिकागो पेटलं. त्याच सुमारास तळ्याच्या या काठावरचं हॉलंड गावही जळालं. शहरं पुन्हा उभी करायची तर फळ्या हव्यात, तुळया हव्यात. करवती फिरत राहिल्या आणि आसपासचं पाइनचं रान साफ झालं. १८७५च्या सुमारास गिरण्या आवरल्या गेल्या. पण वाळूच्या टेकड्या जागच्या जागी धरून ठेवल्या होत्या त्या याच झाडांनी. मुळं गेली, आडोसा गेला. तळ्यावरून येणारा पश्चिमेचा वारा वाळू उचलायचा आणि गावात आणून टाकायचा. रोज थोडी थोडी.

आता याच काठाने बरंच उत्तरेला चला. लीलंड. नदीच्या दोन्ही बाजूंना करड्या पडलेल्या लाकडी खोपट्या, आत जाळी, बर्फ, मासे धुरावायची जागा. नावच फिशटाउन. इथे लेक ट्राउट मिळायचा, आणि तोही 'संपला' म्हणतात. अति मासेमारी होतीच, त्यात आला लॅम्प्रे. लांबट, बिनजबड्याचा, गोल तोंडात दातांची वर्तुळं. माशाला जळूसारखा चिकटतो आणि रक्त पितो. मूळचा अटलांटिकचा. नायगाऱ्याचा धबधबा त्याला चढता येत नव्हता, पण जहाजांसाठी बाजूने वेलंड कालवा खणलेला होता. लेक मिशिगनमध्ये तो १९३६ साली सापडला, आणि १९५०च्या दशकापर्यंत तिथला ट्राउट जवळजवळ नाहीसा झाला.

फिशटाउन मात्र अजून उभं आहे. २००७मध्ये तिथल्या जतन संस्थेने खोपट्या आणि मासेमारीच्या बोटी विकत घेतल्या.

आणि सिंगापूर? बुडायच्या आधी त्यातली काही घरं लोकांनी उचलून सॉगाटकला नेली.