सापळ्याचा बाक

(काळा पडदा. घंटेचा एकच ठोका.)

हॉर्नेट धावत येते. लाल अंगरखा, हातात भलीमोठी सुई, अंगात जीव उरलाय नावापुरता. समोर बाक दिसतो. हॉर्नेट ही ‘सिल्कसाँग’ या व्हिडिओ गेमची नायिका, आणि या गेममध्ये बाक म्हणजे घर. बसलं की जीव भरून येतो, आणि पुढे कुठे मेलात तर पुन्हा इथूनच उठता. ती बसते. खट् असा आवाज होतो आणि वरून सापळा कोसळतो.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. दुसऱ्यांदा नाही हसलो.

हंटर्स मार्च नावाच्या भागातला हा बाक. गेम कसा आहे यावर सप्टेंबर 2025 मध्ये जगभर जी जुंपली, तिची सगळी गंमत या एका बाकात सापडते.

(ॲडलेड शहराची दृश्यं.)

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची ‘टीम चेरी’, म्हणजे हा गेम बनवणारी अगदी चिमुकली मंडळी. ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे दोघे तिचे संस्थापक. 2017 साली त्यांनी ‘हॉलो नाइट’ हा गेम आणला आणि लोक वेडे झाले. सिल्कसाँग आधी त्याचीच एक पुरवणी असणार होती. पुरवणी फुगत गेली, 2019 मध्ये तिचा स्वतंत्र गेम झाल्याची घोषणा झाली, आणि मग वर्षानुवर्षं शांतता. ‘सिल्कसाँग कधी?’ हा प्रश्न इंटरनेटवर चेष्टेचा विषय होऊन बसला. अखेर 21 ऑगस्ट 2025 ला तारीख जाहीर झाली: 4 सप्टेंबर. जेमतेम दोन आठवडे! त्याच सुमाराला ज्यांचे गेम यायचे होते, अशा कित्येक छोट्या स्टुडिओंनी आपल्या तारखा मुकाट्यानं पुढे ढकलल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. मोठा गेम येतो तेव्हा समीक्षकांना त्याची प्रत आधी मिळते. ठरलेल्या वेळेपर्यंत त्यांनी तोंड उघडायचं नाही, आणि ती वेळ झाली की सगळ्यांचे रिव्ह्यू एकदम पडतात. आपण विकत घ्यायच्या आधीच दहापैकी किती, ते समोर असतं. टीम चेरीनं या वेळी कुणालाच प्रत दिली नाही. ज्यांनी 2014 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर ‘हॉलो नाइट’साठी पदरचे पैसे घातले, त्यांच्या आधी समीक्षकांनी खेळावं हे त्यांना पटलं नाही.

मग 4 सप्टेंबर उजाडला. स्टीमपासून निन्टेन्डोपर्यंत गेम विकणारी ऑनलाइन दुकानं कोलमडली. पैसे घेऊन लोक उभे आणि ‘खरेदी’चं बटण चालेना. पहिल्याच दिवशी स्टीमवर एका वेळी पाच लाखांहून जास्त माणसं खेळत होती. समीक्षकही त्याच रांगेत.

त्यामुळे एरवी बंद दाराआड होतं ते सगळं उघड्यावर झालं. ‘अजून खेळतोय, तूर्तास एवढंच’ अशा थाटाचे अर्धवट रिव्ह्यू आले. मला विचाराल तर तेच जास्त प्रामाणिक होते. माणूस चिडतो, कौतुक करतो, दुसऱ्या दिवशी शब्द मागे घेतो, हे वाचायला मिळालं. आकड्यात ते मावत नाही.

(खेळातली दृश्यं: हॉर्नेटचे मुखवटे एकेक फुटताना.)

भांडण कशावरून होतं? सुरुवातीला हॉर्नेटकडे पाच मुखवटे असतात, म्हणजे पाच जीव म्हणा. पण कितीतरी शत्रूंचा एक फटका दोन मुखवटे घेऊन जातो. म्हणजे हिशेब साधा, तिसऱ्या फटक्याला खेळ खलास. बरं होण्यासाठी रेशमाची जवळजवळ भरलेली रीळ खर्चावी लागते. काही बाकांवर बसायला पैसे, म्हणजे इथले मणी, मोजायचे, आणि मेलात तर खिशातले मणी मेल्याजागीच पडून राहतात.

आणि मग ‘लास्ट जज’. हा दैत्य सिटाडेल नावाच्या गडाच्या वेशीवर उभा असतो. त्याच्याशी लढणं सुंदर आहे, प्रत्येक वार आधी दिसतो, शिकता येतो. पण हरलात की बाकापासून पुन्हा तीच वाट: वाळू, वारा, उडते शत्रू, कड्यावरून कड्यावर उड्या. लढाईपेक्षा ही वाटच लोकांच्या जास्त डोक्यात गेली. वर हा गडी मरतानाही फुटतो, आणि जिंकलो म्हणून गाफील उभं राहणाऱ्याला घेऊन जातो.

अवघड आणि कंटाळवाणं यांत फरक आहे. लास्ट जज अवघड आहे. त्याच्याकडे पंधराव्यांदा चालत जाणं कंटाळवाणं आहे. घाईच्या रिव्ह्यूंमध्ये या दोन्हींची खिचडी झाली. कुणी सगळंच क्रूर म्हणून झोडपलं, तर कुणी तक्रार करणाऱ्यालाच ‘खेळता येत नाही’ म्हणून हिणवलं. टीम चेरीनं मात्र नेमकं ऐकलं. काही दिवसांतच पॅच, म्हणजे गेमची दुरुस्ती, आला. मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे दोन बॉस, म्हणजे बडे शत्रू, जरा नरम झाले, मधल्या टप्प्यातल्या बाकांचे दर थोडे उतरले. गिब्सनचं म्हणणं एवढंच, की अडलात तर दुसरीकडे जा, वाटा पुष्कळ ठेवल्यात.

(स्टीमच्या पानावरचे अभिप्राय.)

चीनमध्ये वेगळाच तमाशा. तिथे स्टीमवर पहिल्या दिवसांत याच गेमवर ‘बहुतांशी नकारात्मक’ असा शिक्का बसला. कारण भाषांतर. मूळच्या मोजक्या, नेटक्या संवादांना भाषांतरात जुन्या काव्याचा बोजड साज चढवलेला. म्हणजे मराठीत एखाद्या भुंग्यानं वाट सांगावी आणि तीही ‘येणेंप्रमाणे जाहलें’च्या बखरी थाटात! बिचाऱ्या खेळणाऱ्यानं डावीकडे वळायचं की मुजरा करायचा? स्टीमनं नुकतेच, ऑगस्टमध्ये, अभिप्रायांचे आकडे भाषेनुसार वेगळे दाखवायला सुरुवात केली होती, म्हणून ही नाराजी इतकी ठळक दिसली. टीम चेरीच्या बाजूनं चूक मान्य झाली आणि दुरुस्तीचं आश्वासनही आलं.

(पुन्हा तो बाक.)

हंटर्स मार्चमधला बाक अजून आठवतोय ना? मी तिसऱ्यांदा तिथे गेलो तेव्हा बसलो नाही. आजूबाजूला भिंती ठोकत फिरलो. एक भिंत फुटली, आत वाट निघाली, आणि त्या वाटेच्या टोकाला सापळा बंद करायची कळ.

त्या बाकावरून उठून कुणी तडक रिव्ह्यू लिहायला बसला असेल, तर त्याला ती कळ दिसलेलीच नाही.