मार्क कुत्र्याचा, ब्लाइंड माणसाचा

(पुण्यातील श्वानपालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, गेली अनेक वर्षे मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहतो आणि शरद ऋतूत तिथल्या तळ्यांवर काजळ नावाच्या माझ्या काळ्या लॅब्रेडॉर कुत्रीला घेऊन बदकांच्या शिकारीला जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि ती बंदच राहावी असे माझे स्वच्छ मत आहे. तिथे मात्र बदकांची शिकार परवान्याने, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या संख्येतच करता येते, आणि पाडलेला पक्षी शोधण्याचा योग्य तो प्रयत्न करणे शिकाऱ्यावर कायद्याने बंधनकारक असते. जखमी बदक पाणकणसात शिरले की माणसाला ते सापडत नाही. ते तडफडत मरते आणि वायाही जाते. रिट्रीव्हरचे, म्हणजे पाडलेला पक्षी शोधून आणून देणाऱ्या कुत्र्याचे, काम या गरजेतून उभे राहिले आहे. बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी घ्यावे लागणारे एक सरकारी तिकीट असते. १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षे रिट्रीव्हरांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारा किंग बक हा लॅब्रेडॉर १९५९ च्या तिकिटावर तोंडात बदक धरलेला दाखवला आहे, आणि रिट्रीव्हरमुळे शिकार वाया जात नाही अशा अर्थाची ओळही त्यावर छापलेली आहे.

या कामाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक कळला की प्रशिक्षणाचे मर्म कळते. पक्षी पडताना कुत्र्याने पाहिला असेल तर त्याला मार्क म्हणतात. पक्षी कुठे पडला हे कुत्र्याने पाहिलेलेच नाही, ते फक्त माणसाला ठाऊक आहे, तर तो ब्लाइंड. ब्लाइंडसाठी कुत्र्याला एका सरळ रेषेत पाठवायचे, तो रेषा सोडू लागला की एक लांब शिट्टी वाजवायची, त्याने जागच्या जागी वळून आपल्याकडे पाहायचे आणि आपण हाताने डावीकडे, उजवीकडे किंवा मागे अशी दिशा द्यायची. ही हाताची भाषा अमेरिकेतल्या रिट्रीव्हरांना शिकवण्याचे श्रेय स्कॉटलंडहून तिकडे गेलेल्या डेव्ह एलियट या प्रशिक्षकाला दिले जाते. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांना धनगर दुरून कसे हाकतात, हे पाहून त्यांना ती सुचली. थोडक्यात, ब्लाइंडमध्ये कुत्र्याने स्वतःच्या नाकाडोळ्यांपेक्षा माणसावर अधिक विश्वास ठेवायचा असतो, आणि मार्कमध्ये माणसाने कुत्र्यावर. एकाच जनावराला या दोन्ही गोष्टी शिकवायच्या, हीच या विद्येतली खरी अडचण आहे.

सुरुवात आठ आठवड्यांच्या पिलापासून, घरातल्या बोळकांडीत होते. दोन्ही बाजूंची दारे लावून एक मऊ रोलर फेकायचा. पिलाला तो घेऊन आपल्याकडे येण्यावाचून दुसरी वाट नसते. तीन-चार वेळा फेकून, त्याची हौस शिगेला असतानाच, थांबायचे. पुढे ‘बस’, ‘ये’, आणि तोंडातली वस्तू न चावता हातात देईपर्यंत धरून ठेवणे. या टप्प्यावर अनेक प्रशिक्षक कान दाबून वस्तू घ्यायला लावतात. मी ते करत नाही, कारण घाई नसेल तर तेच काम संयमाने होते असा माझा अनुभव आहे. गळ्यात विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याबद्दलही विचारणा होते. अमेरिकेत तो सर्रास वापरला जातो, तर वेल्समध्ये २०१० पासून त्यावर बंदी आहे. माझ्यापुरते सांगायचे तर, जे कुत्र्याला अजून समजलेलेच नाही ते वेदनेने समजावता येत नाही, हे मी पक्के धरून चाललो आहे.

आता माझी चूक सांगतो. एका ऑक्टोबरात मॅलार्ड जातीच्या बदकाचा एक हिरव्या डोक्याचा नर तळ्याच्या पलीकडच्या कडेला पडला. काजळ पोहत बरोबर त्या जागी गेली, तिथे तिने एक घेर घेतला, मग नाक वर करून ती पाणकणसाच्या कडेने डावीकडे निघाली. ती भरकटली असे समजून मी शिट्टी वाजवली. ती पाण्यात वळली, पाय मारत माझ्याकडे बघत राहिली, आणि मी हात दाखवून तिला पहिल्या जागी परत पाठवले. पुन्हा तिचे नाक डावीकडे वळले, पुन्हा मी शिट्टी वाजवली. तिसऱ्यांदा तिने डावीकडे पाहिलेदेखील नाही. मी दाखवलेल्या मोकळ्या पाण्यात ती आज्ञाधारकपणे गोल फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच डाव्या कडेला, काठावर, कोणत्या तरी जनावराने खाल्लेल्या मॅलार्डची पिसे मला सापडली. जखमी पक्षी त्या बाजूला पोहत गेला होता आणि वाऱ्यावर त्याचा वास तिला येत होता. मुंबईच्या जंजीरने, १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ३ हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकणाऱ्या त्या लॅब्रेडॉरने, इशारा केला की त्याचा हँडलर तिथे वाद घालत नसे. मी घातला.

त्यानंतर काजळला ‘पॉप’ची सवय लागली, म्हणजे शिट्टी न वाजवताच ती मार्कच्या अर्ध्या वाटेत थांबून माझ्याकडे वळून ‘आता कुठे?’ असे पाहू लागली. अति हाकलेल्या कुत्र्याचे हे लक्षण आहे आणि ते बरे व्हायला वेळ लागतो. सहा आठवडे मी ब्लाइंड पूर्ण बंद ठेवले, शिट्टी गाडीतच ठेवली आणि सोपे, एकेरी मार्क दिले. ती अडली तर दूर उभा असलेला फेकणारा हाक मारून किंवा पुन्हा बंपर (सरावासाठी पक्ष्याऐवजी फेकायची वस्तू) फेकून मदत करी. मी पाठ करून उभा राही, म्हणजे वळून पाहण्यात तिला काही मिळत नसे.

रिट्रीव्हरांच्या परीक्षांकडे मी याच नजरेने पाहतो. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांखालची पहिली रिट्रीव्हर फील्ड ट्रायल १९३१ साली न्यूयॉर्क राज्यात झाली. ती स्पर्धा असते, क्रमांक असतात, आणि पुढे अंतरे इतकी वाढली की सामान्य शिकाऱ्याच्या कुत्र्याला तिथे जागा उरली नाही. म्हणून १९८० च्या दशकात हंट टेस्ट सुरू झाल्या. केनेल क्लबच्या १९८५ पासून. यात कुत्रा दुसऱ्या कुत्र्याशी लढत नाही, एका मापाला उतरतो. ज्युनियर पातळीवर चार एकेरी मार्क असतात, दोन जमिनीवर आणि दोन पाण्यात, १०० यार्डांच्या आत. सीनियरला दुहेरी मार्क आणि ब्लाइंड येतात, शिवाय दुसरा कुत्रा काम करत असताना आपल्याने शांत बसून राहायचे. मार्किंग, कामातली उमेद, चिकाटी आणि शिकलेपण या चार गुणांना परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. प्रत्येकात किमान पाच आणि एकंदर सरासरी सात लागते. यात मार्किंग आणि शिकलेपण वेगवेगळे मोजले जातात, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

तुमच्या घरच्या लॅब्रेडॉरला यातले पुष्कळ काही मोकळ्या मैदानावर, एकही पक्षी न मारता, शिकवता येते. त्याला बसवा, गुडघाभर गवतात बंपर फेका, मनात दहा आकडे मोजा आणि मगच सोडा. लक्षात ठेवा, त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर आहेत. तुम्हाला उघड दिसणारा बंपर त्याला दिसत नसतो. तो चुकीच्या झुडपापाशी शोधू लागला तर निदान दोन मिनिटे हात खाली ठेवा आणि एक शब्दही बोलू नका.