औषधाच्या काउंटरमागे

फार्मसीची पदवी हातात पडली की तुमच्यापैकी बरेचजण एखाद्या मेडिकल दुकानाचा कारभार बघायला लागाल. म्हणून आधी तोटेच सांगतो, मागाहून बोल नको.

कपाटात रचलेला माल म्हणजे अडकलेला पैसा आणि प्रत्येक खोक्यावर त्याची एक्स्पायरी छापलेली. कापडवाला गेल्या वर्षीचा माल सवलतीत काढतो. इथे मुदत उलटलेली गोळी फुकटसुद्धा देता येत नाही. त्यामुळे जी बॅच आधी संपणार ती पुढे लावायची, मग ती दुकानात कालच का आली असेना. ऐकायला सोपं आहे. गर्दीच्या वेळी नवा मुलगा हाताला येईल तो खोका पुढे सरकवतो आणि काही महिन्यांनी मागून डेड स्टॉक निघतो.

फ्रिजचं दुखणं वेगळंच. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, हे सगळ्यांना पाठ असतं; पण धास्ती फक्त उन्हाळ्याची असते. मागच्या थंड भिंतीला टेकून एखादी कुपी गोठली, तर नंतर ती दिसायला चांगली दिसली तरी टाकूनच द्यायची. रोज तापमान बघून वहीत लिहिणं हे कंटाळवाणं काम. ते नीट केल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही.

बाकी दिवसभर उभं राहणं, सुट्टीच्या दिवशीही लोक आजारी पडणं, बदली फार्मासिस्ट न मिळाल्यानं रजा बुडणं, हे आहेच.

आता खरी गोम. समजा, संधिवाताच्या पेशंटची चिठ्ठी आली : मेथोट्रेक्सेट, रोज एक गोळी. या आजारात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं मंदावतं, माणूस दगावूही शकतो. तुम्ही डॉक्टरांना फोन लावता. ते कामात असतात, आवाजात त्रासिकपणा असतो. इकडे रांग वाढते, मागचा एकजण घड्याळ दाखवतो. शेवटी डॉक्टर म्हणतात, "अहो, आठवड्यातून एकदाच, बरं झालं विचारलंत." तुम्ही पाकिटावर ठळक अक्षरात घ्यायचा वार लिहून देता. पेशंटच्या लेखी मात्र तुम्ही त्याला उगाच ताटकळत ठेवलेलं असतं! या धंद्यातलं सगळ्यात मोठं समाधान हे असं, आभार न मानलं जाणारं. ज्याला ते पुरत नाही, त्यानं या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा फायदा ओळखीचा. डॉक्टरांची वेळ घ्यावी लागते, तुमच्याकडे माणूस रस्त्यावरून सरळ आत येतो. कंबरदुखीसाठी आयब्युप्रोफेन मागणारे गृहस्थ रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेतात, हे तुमच्या नोंदीत असतं. दोन्ही एकत्र घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे स्ट्रिप काढायला गेलेला हात मागे घ्यायचा आणि डॉक्टरांशी बोलायला सांगायचं.

पैशाचं म्हणाल तर घर चालतं, पण मार्जिनवर बंगले बांधायची स्वप्नं बघू नका. महिनाअखेरीला मालक विक्रीचा आकडा विचारणारच. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागणारा माणूस रिकाम्या हाती पाठवला, की त्या आकड्यातून काहीतरी कमी होतं. पेनिसिलिन या अँटिबायोटिकचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं, की पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेत घेतलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. त्यांना भर सभेत सांगता आलं. तुम्हाला तेच तापानं वैतागलेल्या माणसाला दोन मिनिटांत, त्याचा अपमान न करता पटवायचं असतं. ते नेहमी जमत नाही. काहीजण तणतणत समोरच्या दुकानात जातात आणि तिथे त्यांना गोळ्या मिळतातही.

तेव्हा नोकरी स्वीकारताना पगाराआधी मालकाला विचारा, की शंका आलेली चिठ्ठी परत करायचा अधिकार कुणाचा? उत्तर देताना त्यानं गिऱ्हाईक तुटण्याची गोष्ट काढली, तर दुसरीकडे अर्ज करा.