धूमकेतू पाहायला आधी क्षितिज लागते

श्रोतेहो, नमस्कार.

धूमकेतू येत असल्याची बातमी छापून आली की दोन दिवसांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो, तो म्हणजे दुर्बीण कुठे मिळेल. इतक्या वर्षांच्या आकाशनिरीक्षणानंतर माझे उत्तर आता ठरून गेले आहे. दुर्बिणीचे नंतर पाहू, तुमच्याजवळ मोकळे क्षितिज आहे का, ते आधी सांगा. हे उत्तर ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, पण ते उडवाउडवीचे नाही, आणि आजच्या भाषणात मला मुख्यतः तेच उलगडून सांगायचे आहे.

धूमकेतूचा गाभा म्हणजे बर्फ, धूळ आणि गोठलेले वायू यांचा काही किलोमीटर लांबीरुंदीचा ओबडधोबड गोळा. १४ मार्च १९८६ रोजी 'जोत्तो' हे यान हॅलेच्या धूमकेतूच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले, तेव्हा तो सुमारे १५ किलोमीटर लांबीचा गाभा डांबराइतका काळा असून आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम चार टक्के प्रकाश परत फेकतो, असे दिसून आले. असा काळा ढेकूळ सूर्यापासून दूर असताना आपल्याला दिसण्याचे काही कारणच नाही. सूर्यापासून साधारण ४५ कोटी किलोमीटरच्या आत आल्यावर त्यातल्या बर्फाची जोरात वाफ होऊ लागते, ती आपल्याबरोबर धूळ उधळते, गाभ्याभोवती लाख-लाख किलोमीटरचा झगझगीत पदर तयार होतो, आणि मग त्याला शेपूट फुटते. म्हणजे धूमकेतू तेजस्वी होतो तो सूर्याजवळ आल्यामुळे, आणि सूर्याजवळ आल्यामुळेच तो आपल्या आकाशातही बहुधा सूर्याच्या आसपासच असतो. परिणामी तो ऐन भरात असतो तेव्हा सूर्य मावळल्यानंतर पश्चिमेला किंवा उगवण्यापूर्वी पूर्वेला, संधिप्रकाशात, जमिनीला टेकल्यासारखा दिसतो, आणि तोही अर्धा-पाऊण तास. समोर तीन मजली इमारत असेल तर जगातली उत्तम दुर्बीणही तिच्या आरपार पाहू शकत नाही.

या बाबतीत सोलापूरकरांनी आपल्या कोरड्या, सपाट माळाबद्दल तक्रार करू नये. डोंगर नाहीत, दाट झाडी नाही, पाऊस कमी, आणि दसऱ्यानंतरची हवा धुऊन काढल्यासारखी स्वच्छ असते. शिवाय आपण साडेसतरा अंशांच्या थोडे वरच्या अक्षांशावर राहतो. इथे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ उभाच उतरतो, त्यामुळे मावळल्यापासून सव्वा तासात आकाश पूर्ण काळे होते. युरोपात सूर्य तिरका, रेंगाळत उतरतो आणि संधिप्रकाश लांबतच जातो. तिकडच्या निरीक्षकाला ज्या धूमकेतूसाठी उजेडाशी झगडावे लागते, तो आपल्याला कित्येकदा काळोख पडल्यावरही दिसत राहतो.

२०२४ सालचे उदाहरण घेऊ. १२ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या दिवशी, त्सुचिनशान–ॲटलस हा धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे सात कोटी किलोमीटरवर होता. जवळ म्हणजे उत्तम दर्शन, असा समज करून घेऊन त्या दिवशी सोने लुटून झाल्यावर गच्चीवर गेलेल्यांना फारसे काही दिसले नसणार, कारण त्या संध्याकाळी तो फारच खाली होता. दोन दिवसांनी सोलापुरात सहा वाजून पाच मिनिटांनी सूर्य मावळल्यानंतर पाऊण तासाने तो क्षितिजाच्या एक मूठ वर होता. डावीकडे झळझळीत शुक्र, उजवीकडे मावळतीला निघालेली स्वाती, आणि दोघांच्या मधल्या भागात हा. साडेसातच्या सुमारास तो मावळला. पुढे तो रोज थोडा थोडा वर येत गेला, पण तोवर कोजागिरीचा चंद्र आकाशात होता आणि शेपटीचे फिकट टोक चांदण्यात बुडाले होते. दूध आटवत बसलेल्या मंडळींना चंद्र नकोसा वाटण्याचा प्रसंग तसा दुर्मीळच म्हणायचा.

मूठ हा शब्द मी सहज वापरला, तर त्याचा खुलासा करतो. हात समोर ताठ धरून मूठ वळली की तिची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते, जुळवलेली मधली तीन बोटे सुमारे पाच अंश, आणि करंगळीची जाडी एक अंश. ताणलेली वीत वीस अंशांच्या आसपास जाते. लहान मुलाचा हातही लहान आणि बोटेही लहान असल्यामुळे हे माप बहुधा सगळ्यांना लागू पडते. वर्तमानपत्रात 'क्षितिजापासून बारा अंशांवर' असे वाचले की एक मूठ आणि दोन करंगळ्या मोजाव्यात.

आता उभे राहायचे कुठे, याविषयी. मोकळ्या जागेइतकेच महत्त्व शहर तुमच्या कोणत्या बाजूला आहे, याला असते. संध्याकाळचा धूमकेतू पश्चिमेला असल्यामुळे शहराच्या पश्चिमेला, पुणे रस्त्याने मोहोळच्या दिशेला किंवा मंगळवेढ्याच्या रस्त्याला जावे, म्हणजे सोलापूरच्या दिव्यांचा उजेड पाठीशी राहतो. पहाटेच्या धूमकेतूसाठी उलट, हैदराबाद रस्त्याने बोरामणीच्या पुढे किंवा अक्कलकोटच्या बाजूला जावे. हे न पाळता अंधार मिळाला म्हणून कुठेही थांबले, तर ज्या दिशेला पाहायचे नेमक्या त्याच दिशेला शहराचा पिवळट उजेड उभा असतो. मी स्वतः एकदा तुळजापूर रस्त्याला जाऊन दक्षिणेकडचे काही शोधण्याचा हा मूर्खपणा केलेला आहे. गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्यांचे दिवे आणि धूरही लक्षात घ्यावा लागतो. नान्नजचे गवताळ रान निरीक्षणाला फार मोहाचे वाटते, परंतु तो माळढोकाचा अधिवास आहे. तिथे रात्री वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊलही टाकू नये.

क्षितिजाचा हा नियम मोडणारे धूमकेतूही असतात. २०१५ च्या जानेवारीत लव्हजॉय नावाचा धूमकेतू ऐन संक्रांतीच्या सुमारास रात्री आठ वाजता जवळजवळ डोक्यावर, कृत्तिकांच्या पश्चिमेला एका मुठीच्या अंतरात होता. त्याच दिवसांत सोलापुरात होम मैदानावर गड्डा यात्रा भरलेली होती, शोभेचे दारूकाम पाहण्यासाठी हजारो माना वर झालेल्या होत्या, आणि त्याच आकाशात असलेला हा पाहुणा जवळपास कुणालाच दिसला नाही. यात लोकांचा दोष नाही. त्याची प्रत, म्हणजे तेजाचे माप, चारच्या आसपास होती आणि साध्या डोळ्यांना त्याला शेपूट नव्हती. शहराबाहेर बायनॉक्युलरमधून पाहिल्यास कापसाचा हिरवट बोळा ठेवल्यासारखा तो दिसे. हा हिरवा रंग कार्बनच्या दोन अणूंच्या रेणूमुळे येतो.

प्रत या शब्दाने बऱ्याच जणांची फसगत होते. प्रतीचा आकडा जितका मोठा तितके तेज कमी, आणि प्रत्येक पायरीला तेज सुमारे अडीच पटींनी घटते, इतके बहुतेकांना माहीत असते. परंतु ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत असतो, तर धूमकेतूचा तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरलेला असतो; एक चमचा तूप भाकरीच्या एका कोपऱ्यावर ठेवणे आणि तेच सगळ्या भाकरीला फासणे, यांत जो फरक तोच इथे. म्हणून चौथ्या प्रतीचा तारा जिथे सहज दिसतो तिथे चौथ्या प्रतीचा धूमकेतू दिसेलच असे नाही. धूमकेतूची प्रत ठरवण्यासाठी अनुभवी निरीक्षक शेजारच्या ताऱ्यांवरचा बायनॉक्युलरचा फोकस मुद्दाम बिघडवतात, तारे फुगून धूमकेतूएवढे धूसर झाले की दोघांची तुलना करतात, आणि त्यावरून आकडा सांगतात. ही युक्ती एकदा करून पाहावी, फार मजा येते.

शेपटीबद्दल दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. मराठीत धूमकेतूला शेंडेनक्षत्र असे जुने नाव आहे. शेंडी म्हटली की ती मागेच असणार, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात धूमकेतूची शेपूट तो जातो त्याच्या मागे नसते, ती सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. पंढरीच्या वाटेवर दिंडीतल्या पताका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच पटेल. वारकरी पुढे चालत असतात, पण पताका फडफडते ती वाऱ्याच्या दिशेने, आणि वारा पाठीमागून असला तर ती चालणाऱ्याच्या पुढेही जाते. सूर्यापासून दूर निघालेला धूमकेतूही असाच शेपूट पुढे करून चालतो. त्यातही दोन शेपट्या असतात. धुळीची शेपूट पिवळसर, रुंद आणि किंचित वाकलेली असते, कारण सूर्यप्रकाशाचा दाब धुळीचे कण हळूहळू ढकलतो. विद्युतभारित वायूची शेपूट निळसर, अरुंद आणि सरळ असते, कारण तिला ढकलणाऱ्या सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताचा, वेग फार मोठा असतो.

या दोन्ही शेपट्या आपल्याकडे साध्या डोळ्यांनी दिसल्या त्या १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये, हेल–बॉप धूमकेतूच्या वेळी. तो पृथ्वीपासून १९ कोटी किलोमीटरच्या आत कधी आलाच नाही, तरीही गाभा प्रचंड मोठा असल्याने तो शहरातूनही दिसत होता. त्या वर्षी पाडव्याच्या आसपास मंगळवेढ्याकडच्या एका शिवारात मी ज्वारीच्या खळ्यावर रात्री बसलो होतो. वायव्येला तो टांगल्यासारखा दिसत होता. राखणीला बसलेल्या एका शेतकऱ्याने मला विचारले, "गुरुजी, ह्ये चार दिस झालं तितंच हाय, पडंना कसं?" धूमकेतूचा आणि उल्केचा घोटाळा त्याने इतक्या नेमक्या शब्दांत मांडला होता की मी पुढे अनेक भाषणांत तो वापरला. उल्का क्षणात विझते, कारण ती आपल्याच वातावरणात, डोक्यावर शंभरएक किलोमीटरवर जळत असते. धूमकेतू कोट्यवधी किलोमीटर दूर असल्यामुळे कितीही वेगाने जात असला तरी एका रात्रीत ताऱ्यांमधून थोडासाच सरकतो. संध्याकाळी पश्चिमेला सोनेरी रेघ सरकताना दिसली, तर ती उंचावरून जाणाऱ्या विमानाची धूररेषा समजावी. दहा मिनिटे थांबले की शंका आपोआप फिटते.

शेंडेनक्षत्र उगवले की अरिष्ट येते, या समजुतीवर मी फार वेळ घालवणार नाही. १९१० साली पृथ्वी हॅलेच्या शेपटीतून जाईल आणि तिच्यातल्या विषारी वायूने माणसे मरतील, या भीतीने पाश्चात्त्य देशांतही धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या. १६८० चा मोठा धूमकेतू नोव्हेंबरमध्ये दिसू लागला. शिवाजी महाराज त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निवर्तले होते. अपशकुन सात महिने उशिरा पोचत असेल तर त्याला अपशकुन म्हणण्यात अर्थ काय?

वराहमिहिराने बृहत्संहितेतल्या केतुचार अध्यायात, केतूंचे, म्हणजे धूमकेतूंचे, उदय-अस्त गणिताने कळू शकत नाहीत, असे म्हटले आहे, आणि त्याच्या काळाच्या मानाने ते अगदी प्रामाणिक विधान होते. एडमंड हॅले याने १७०५ मध्ये एका धूमकेतूच्या पुनरागमनाचे गणित मांडले आणि १७५८ च्या डिसेंबरात, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, तो धूमकेतू खरोखरच परत आलेला दिसला. परंतु जे प्रथमच येतात त्यांच्यापुढे आजही आपली तारांबळ उडते. नियोवाइज धूमकेतूचा शोध मार्च २०२० मध्ये लागला आणि जुलैमध्ये तो साध्या डोळ्यांनी दिसत होता. लेमन धूमकेतू जानेवारी २०२५ मध्ये सापडला आणि २१ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाला, पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला. त्या रात्री फटाक्यांच्या धुरातून चौथ्या प्रतीचा धूमकेतू शोधणे म्हणजे कसोटीच होती. मार्ग आपण अचूक सांगू शकतो, तेज मात्र सांगता येत नाही. १९७३ चा कोहूटेक गाजावाजा होऊन फिका पडला, आणि आयसॉन तर २८ नोव्हेंबर २०१३ रोजी सूर्याजवळून जाताना विस्कटूनच गेला. म्हणून 'शतकातला सर्वांत तेजस्वी' असा मथळा दिसला की मी तारीख टिपून घेतो आणि विशेषण सोडून देतो.

तयारी थोडीच लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहाव्यात. संध्याकाळच्या धूमकेतूला वद्य तृतीयेपासून पुढच्या शुद्ध तृतीयेपर्यंतचा काळ चांगला, कारण त्या काळात संध्याकाळी चंद्राचा अडथळा नसतो. दहा बाय पन्नासची, म्हणजे दहा पट मोठे दाखवणारी आणि पन्नास मिलिमीटर भिंगाची, बायनॉक्युलर पुरेशी होते. परंतु सूर्य पुरता मावळल्याशिवाय ती पश्चिमेकडे वळवू नये आणि पहाटे सूर्योदयाच्या बऱ्याच आधी खाली ठेवावी, कारण बायनॉक्युलरमधून सूर्यावर गेलेली एक ओझरती नजरही डोळा कायमचा घालवू शकते. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका झगमगाटाने ती सगळी वाया जातात. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावावा. शेपूट पाहताना नजर तिच्यावर रोखू नये, किंचित बाजूला ठेवावी. डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेचा भाग मंद प्रकाश अधिक चांगला टिपतो.

आणि एक वही ठेवावी. तारीख, वेळ, दिशा, किती मुठी वर, शेपूट किती बोटे, आकाश कसे, एवढेच लिहावे. माझ्या वहीतली टाळेबंदीच्या पावसाळ्यातली, माझ्याच गच्चीवरून केलेली नोंद जशीच्या तशी वाचून दाखवतो. १९ जुलै २०२०. नियोवाइज. सूर्यास्त ७.०४. ७.५२ ला ढग फाटला. वायव्येला, सप्तर्षींच्या खाली, पावणेदोन मुठी. बायनॉक्युलरमधून शेपूट दोन बोटे, उजवीकडे झुकलेली. खालच्या मजल्यावरून सगळ्यांना हाक मारली. ७.५६, पुन्हा ढग.